नीत्शेचा होकार

लख्ख सकाळ. बाजार भरलेला. अशा उजेडात एक माणूस पेटता कंदील हातात घेऊन धावत येतो आणि आपण देवाला शोधतो आहोत, असे ओरडत सुटतो. जमलेले लोक हसतात, देव हरवला की कुठे दडून बसला, म्हणून त्याची टर उडवतात. तेव्हा तो त्यांच्यात शिरतो, एकेकाकडे रोखून पाहतो आणि सांगतो की देव मेला आहे आणि त्याला मारणारे आपणच आहोत. लोक चपापतात, गप्प होतात. मग कंदील जमिनीवर आपटून तो म्हणतो की आपण वेळेआधी आलो. घडून गेलेल्या गोष्टीची बातमी अजून यांच्या कानापर्यंत पोचायची आहे.

फ्रीड्रिख नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञाच्या 1882 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आनंदी विज्ञान' या पुस्तकातला हा 125 वा परिच्छेद. नीत्शेने देवाच्या मृत्यूची घोषणा केली, एवढे बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. पण या प्रसंगातली एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. बाजारात हसणारी माणसे भाविक नाहीत. देव न मानणारी आहेत. कंदीलवाल्याचे बोलणे त्यांना उद्देशून आहे. देवाला वजा केले तरी नीती, सत्य, प्रगती, माणुसकी हे सगळे होते तसेच चालू राहील, असे ज्यांनी गृहीत धरले आहे, त्यांना तो हलवून जागे करतो आहे.

नीत्शेला निहिलिझमचा, म्हणजे कशालाच काही अर्थ नाही या मताचा, प्रचारक समजणारे वाचक अजूनही भेटतात. माझ्या मते हा त्याच्यावर झालेला सर्वांत मोठा अन्याय आहे. निहिलिझम कुठून येतो, तो माणसाचे काय करतो आणि त्यातून बाहेर पडून या आयुष्याला मनापासून 'हो' म्हणता येईल का, हा प्रश्न त्याने आयुष्यभर धरून ठेवला. त्याची सगळी महत्त्वाची पुस्तके या एकाच प्रश्नाभोवती फिरतात.

निदान

नीत्शेचा जन्म 15 ऑक्टोबर 1844 चा, जर्मनीतल्या रॉकेन या खेड्यातला. वडील प्रोटेस्टंट पाद्री. तो पाच वर्षांचा होण्याआधीच ते गेले आणि पुढच्या वर्षी धाकटा भाऊही गेला. घरच्यांच्या इच्छेप्रमाणे त्याने बॉन विद्यापीठात धर्मशास्त्राचा अभ्यास सुरू केला, पण श्रद्धा उरली नव्हती म्हणून तो लवकरच सोडला आणि प्राचीन ग्रीक-लॅटिन वाङ्मयाकडे वळला. त्यात त्याने अशी चमक दाखवली की 1869 मध्ये, वयाच्या 24 व्या वर्षी, स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठाने त्याला प्राध्यापक नेमले. धर्म त्याने बाहेरून पाहिलेला नव्हता. त्यामुळे तो गेल्याने माणसाचे काय काय जाते, हे त्याला धर्माच्या इतर टीकाकारांपेक्षा नेमके कळत होते.

निहिलिस्ट हा शब्द युरोपभर गाजवला तो तुर्गेनेव्हच्या 1862 च्या 'पितापुत्र' या रशियन कादंबरीने. तिथे त्याचा अर्थ कोणतीही सत्ता, परंपरा न मानणारा तरुण असा होता. नीत्शेने तो बराच खोल नेला. जून 1887 मध्ये लेंत्सरहाइड या स्विस गावी त्याने युरोपीय निहिलिझमवर एक टिपण लिहिले. त्यात त्याने आधी ख्रिस्ती नीतीने माणसाला काय दिले, याचा हिशेब मांडला आहे. अफाट विश्वात क्षुद्र वाटणाऱ्या माणसाला तिने मोल दिले. दुःखाला आणि अनिष्टाला तिने अर्थ दिला. माणूस स्वतःचा तिरस्कार करू लागेल, जगण्याविरुद्ध उठेल, त्यापासून तिने त्याला वाचवले.

मग ती ढासळली कशामुळे? नीत्शेचे उत्तर विलक्षण आहे. या नीतीने माणसाला जे सद्गुण शिकवले, त्यांत सत्यनिष्ठा होती. पापाची कबुली देताना स्वतःच्या मनाचे कानेकोपरे तपासायची जी सवय शतकानुशतके अंगात मुरली, तीच पुढे वैज्ञानिक वृत्ती बनली. ती सत्यनिष्ठा अखेर धर्माच्याच पायाकडे वळली आणि आपण कशावर विश्वास ठेवतो आहोत, असे विचारू लागली. म्हणजे श्रद्धा संपली ती शत्रूच्या हल्ल्याने कमी आणि स्वतःच्या प्रामाणिकपणाने जास्त.

इथवर इतिहास झाला. निहिलिझम जन्मतो तो यानंतरच्या एका उडीत. जगण्याचा एक अर्थ कोसळला. पण तोच एकमेव अर्थ मानलेला असल्यामुळे आता जगण्याला अर्थच नाही, असे माणूस ठरवून टाकतो. जन्मभराची पुंजी एकाच पतपेढीत ठेवावी आणि ती पतपेढी बुडाल्यावर दारातले शेत, अंगातले बळ, हातातले कसब यांचीही किंमत शून्य वाटू लागावी, तसे हे आहे. आपल्या जगाचे सगळे मोल दोन हजार वर्षे दुसऱ्या कुठल्यातरी जगात ठेवले गेले: स्वर्गात, परलोकात, न बदलणाऱ्या 'खऱ्या' सत्यात. ते दुसरे जग नाहीसे झाले, तेव्हा आधीच रिकामे करून ठेवलेले हे जग तेवढे उरले. ते ओकेबोके दिसणारच. म्हणून नीत्शेच्या मते निहिलिझमची सुरुवात देव गेल्यावर झालीच नाही. या जगाला दुय्यम, खोटे, सोसून पार पाडायचे असे ज्या दिवशी मानले गेले, त्या दिवशी त्याचे बी पडले.

शोपेनहॉवरपासून दूर

हे सगळे नीत्शेला एकदम सुचले नाही. 1865 मध्ये लाइप्झिगला शिकत असताना जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याच्या हाती आर्थर शोपेनहॉवर या जर्मन तत्त्वज्ञाचा मुख्य ग्रंथ पडला आणि त्याने तो झपाटला गेला. जगाच्या मुळाशी एक आंधळी, कधीही न शमणारी इच्छा आहे. तिच्यामुळे सगळे जगणे दुःखमय आहे. त्या इच्छेचाच निरास करणे ही मुक्ती, असे शोपेनहॉवर सांगत होता. उपनिषदांचा त्याच्यावर मोठा प्रभाव होता. मुघल राजपुत्र दारा शुकोहच्या पुढाकाराने झालेल्या फारसी भाषांतराचे लॅटिन रूपांतर तो श्रद्धेने वाचत असे.

1872 मध्ये नीत्शेचे पहिले पुस्तक आले, 'शोकांतिकेचा जन्म'. त्याचा प्रश्न शोपेनहॉवरचाच होता, उत्तर मात्र वेगळ्या दिशेला झुकू लागले होते. जन्माला न येणे हेच माणसासाठी सर्वांत चांगले, असे सांगणारी एक जुनी कथा ग्रीकांना माहीत होती. जगण्याचे भीषण रूप त्यांनी पाहिले होते. तरी ते जगण्यापासून पळाले नाहीत. त्यांनी शोकांतिका रचली. रंगभूमीवर नायकाचा नाश होताना पाहणारा ग्रीक प्रेक्षक खचून घरी जात नसे, तो बळ घेऊन जात असे. दुःख झाकायचे नाही आणि दुःखामुळे आयुष्याला नावेही ठेवायची नाहीत, ही शक्यता नीत्शेला इथे पहिल्यांदा दिसली. पुढे त्याने शोपेनहॉवरशी असलेला धागा तोडला, तो याच मुद्द्यावर. जगण्यात दुःख आहे, हे दोघांनाही मान्य होते. दुःख हा जगण्याविरुद्धचा पुरावा आहे, हे नीत्शेने नाकारले.

1887 च्या 'नीतीची वंशावळ' या पुस्तकात तो याच्याही पुढे जातो. माणसाला छळते ते दुःख नव्हे, दुःखाची निरर्थकता छळते, असे त्याचे निरीक्षण आहे. कशासाठी सोसायचे हे कळले, तर माणूस वाटेल ते सोसतो, सोसणे शोधतही जातो. संन्यासी आदर्शाने तो 'कशासाठी' पुरवला: तू पापी आहेस, म्हणून भोगतो आहेस. अर्थ मिळाला, पण त्यासाठी शरीर, वासना, इहलोक आणि बदलणारे सगळेच अपराधी ठरवावे लागले. इच्छाच नसण्यापेक्षा शून्याची इच्छा धरणे माणसाला परवडते, हा या पुस्तकाचा शेवटचा निष्कर्ष.

थकलेला आणि सुखावलेला

निहिलिझमची सगळी रूपे नीत्शेला सारखी वाटत नव्हती. एक सक्रिय निहिलिझम: वाढलेल्या बळाला जुनी मूल्ये तोकडी पडतात, म्हणून ती मोडली जातात. दुसरा निष्क्रिय: बळच संपलेले असते, म्हणून कशातच राम वाटत नाही, फक्त शांत व्हावेसे, विसरावेसे वाटते. या दुसऱ्या प्रकाराला तो युरोपचा बौद्ध धर्म म्हणत असे. ख्रिस्ती धर्मापेक्षा बुद्धाचा मार्ग कितीतरी वास्तववादी आहे, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले होते. तरीही तो त्याला थकव्याचा धर्म वाटला. इथे त्याची दृष्टी एकांगी आहे. बुद्धाची करुणा आणि संघाने समाजात केलेले काम त्याच्या चित्रात जवळजवळ नाहीच.

निष्क्रिय निहिलिझमचा सर्वांत ओळखीचा चेहरा मात्र दुःखी नाही. 'जरथुस्त्र असे म्हणाला' या 1883 ते 1885 मध्ये लिहिलेल्या ग्रंथाच्या सुरुवातीला त्याचा नायक जरथुस्त्र गावच्या चौकात लोकांना अतिमानवाबद्दल सांगतो. कोणी लक्ष देत नाही. मग तो त्यांना लाजवण्यासाठी 'शेवटच्या माणसा'चे वर्णन करतो. हा माणूस धोका पत्करत नाही, कशाची ओढ बाळगत नाही, तब्येत सांभाळतो, दिवसाची आणि रात्रीची छोटी छोटी सुखे भोगतो, शेजाऱ्यापेक्षा वेगळा दिसायला घाबरतो आणि आपण सुखाचा शोध लावला असे समजतो. जमावावर परिणाम उलटा होतो. आम्हाला हाच माणूस दे, अशी मागणी लोक करतात. अर्थाचा प्रश्न सोडवता येत नसेल तर तो विचारायचाच नाही, ही शेवटच्या माणसाची युक्ती. नीत्शेला ती निराशेपेक्षा जास्त भयावह वाटली, कारण निराश माणूस निदान काहीतरी गमावल्याचे जाणतो.

सिल्वाप्लानाचा खडक

निदान करणे एक आणि उपाय सांगणे वेगळे. नीत्शेला उपायाची गरज पुस्तकी नव्हती. तीव्र डोकेदुखी, दिवसदिवस चालणाऱ्या उलट्या आणि जवळजवळ गेलेली दृष्टी यांमुळे 1879 मध्ये, चौतिसाव्या वर्षी, त्याला प्राध्यापकी सोडावी लागली. बाझलच्या निवृत्तिवेतनावर तो पुढची दहा वर्षे भाड्याच्या खोल्यांत राहिला: हिवाळ्यात जिनोआ, नीस अशा समुद्रकाठच्या गावी आणि बहुतेक उन्हाळे आल्प्समधल्या सिल्स-मारियात. डोळे साथ देईनात म्हणून त्याने कोपनहेगनहून टंकलेखन यंत्र मागवले. 1882 च्या सुरुवातीला ते जिनोआत आले आणि थोड्याच आठवड्यांत बिघडले. तो चालता चालता विचार करी आणि वहीत टिपून ठेवी. त्याच्या पुस्तकांतले ते तुटक, घट्ट परिच्छेद बरेचसे या शरीराने ठरवलेले आहेत.

ऑगस्ट 1881 मध्ये सिल्स-मारियाजवळच्या सिल्वाप्लाना तळ्याकाठून जाताना, पिरॅमिडसारख्या एका मोठ्या खडकापाशी, त्याला एक कल्पना सुचली. 'आनंदी विज्ञान'च्या 341 व्या परिच्छेदात तिने एका प्रश्नाचे रूप घेतले. समजा, अगदी एकट्या क्षणी एखादा पिशाच्च तुमच्याजवळ आला आणि म्हणाला की हे आयुष्य, जसे जगलात तसेच, तुम्हाला पुन्हा जगायचे आहे, आणि एकदा नव्हे तर अनंत वेळा. नवे काही नाही. प्रत्येक दुःख, प्रत्येक आनंद, प्रत्येक क्षुल्लक गोष्ट त्याच क्रमाने परत येणार. हे ऐकून तुम्ही दात खात त्याला शिव्याशाप द्याल, की याहून दिव्य काही ऐकले नाही असे म्हणाल?

हेच शाश्वत पुनरावर्तन. विश्वातली ऊर्जा मर्यादित आणि काळ अमर्याद, तेव्हा सगळ्या रचना पुन्हा पुन्हा येणारच, असे भौतिक समर्थन नीत्शेने आपल्या टिपणवह्यांत करून पाहिले. ते टिकणारे नाही. वेगवेगळ्या गतींनी फिरणारी तीन चाके पुन्हा कधीच मूळ स्थितीत येणार नाहीत, अशी गती निवडता येते, हे गेओर्ग झिमेल या जर्मन विचारवंताने 1907 मध्ये दाखवून दिले. पण पिशाच्चाच्या प्रश्नाला याने धक्का लागत नाही. तो विश्वाची रचना सांगायला आलेलाच नाही. तो ऐकणाऱ्याची परीक्षा घ्यायला आला आहे. परलोकात भरपाई नाही, पुढच्या पिढीत फळ नाही, अंतिम ध्येय नाही. सगळ्या पळवाटा बंद केल्यावरही हे आयुष्य हवे आहे का? निहिलिझम ज्या स्थितीला असह्य म्हणतो, तीच स्थिती इथे टोकाला नेऊन समोर ठेवली आहे.

या कल्पनेचा मराठीशी एक जुना संबंध आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त नीत्शेचा उल्लेख येतो. देव न मानणाऱ्या या जर्मन पंडितानेही पुनर्जन्मासारखी कल्पना स्वीकारली, याकडे टिळकांनी लक्ष वेधले आहे. नीत्शेचा शाळासोबती पॉल डॉयसन तर वेदान्ताचा मोठा अभ्यासक झाला. त्याचा वेदान्तावरचा 1883 चा ग्रंथ नीत्शेने वाचला होता. याच डॉयसनने 25 फेब्रुवारी 1893 रोजी मुंबईत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेपुढे वेदान्तावर व्याख्यान दिले. तरीही दोन्ही कल्पनांतले अंतर जपायला हवे. कर्मसिद्धान्तात पुढचा जन्म वेगळा असतो, त्याला कर्माचा हिशेब असतो आणि शेवटी सुटका असते. पुनरावर्तनात जन्म तोच, हिशेब नाही आणि सुटका नाही. ज्या फेऱ्यातून सुटावे म्हणून आपल्याकडच्या दर्शनांनी मार्ग शोधले, तोच फेरा हवासा वाटावा, अशी नीत्शेची मागणी आहे.

'होते' याचा डूख

एवढी अवघड मागणी पुरी कशी करायची? जानेवारी 1882 मध्ये जिनोआत नीत्शेने नव्या वर्षाचा संकल्प लिहिला: जे अटळ आहे त्यातले सौंदर्य पाहायला शिकायचे, कुरूपाशी भांडत बसायचे नाही, आरोप करायचे नाहीत, आरोप करणाऱ्यांवरही करायचे नाहीत. याला त्याने नियतिप्रेम म्हटले.

पण याआड येते काय, हे 'जरथुस्त्र'च्या दुसऱ्या भागात उद्धाराविषयीच्या प्रकरणात उलगडते, आणि माझ्या मते नीत्शे समजण्याची किल्ली तिथे आहे. माणसाची इच्छाशक्ती पुढे सगळे घडवू शकते, मागचे मात्र काहीच बदलू शकत नाही. जे होऊन गेले, त्यापुढे ती हतबल असते. या हतबलतेतून ती काळावरच डूख धरते. मग हा डूख रूपे घेत जातो. कोणाला तरी दोषी धरावे लागते. दुःख म्हणजे शिक्षा, असा सिद्धान्त तयार होतो. अखेर बदलणाऱ्या, नाशवंत जगालाच दोषी ठरवून न बदलणारे दुसरे जग कल्पावे लागते. म्हणजे निहिलिझमच्या तळाशी युक्तिवाद कमी आणि न भरलेली जखम जास्त आहे. म्हणून वाद जिंकून तो संपत नाही. घडून गेलेल्या गोष्टीकडे, हे मला असेच हवे होते, अशा नजरेने पाहण्याइतके बळ आले, तरच तो संपतो.

हे दैवाला शरण जाणे नव्हे. त्याच ग्रंथात आत्म्याची तीन रूपांतरे येतात. आधी उंट, जो आज्ञेची ओझी निमूट वाहतो. मग सिंह, जो 'नाही' म्हणायला शिकतो आणि स्वातंत्र्य मिळवतो. शेवटी मूल, ज्याचे खेळणे ही नवी सुरुवात असते. निमूटपणे सोसणारा उंट नीत्शेच्या शिडीवर सर्वांत खाली आहे. सिंहाचा नकार आवश्यक आहे, पण अपुरा. नकारात अडकलेला माणूस अजून जुन्या मालकाशीच बोलत असतो. होकार येतो तो निर्माण करणाऱ्याकडून. माणसाचे चुकलेले निर्णय, आजार, अपयश हे त्याने पुढे घडवलेल्या कामाचे भाग होतात, तेव्हा त्यांचा अर्थ बदलतो. तो अर्थ आधीपासून तिथे नव्हता. तो त्याने आणला. अतिमानव म्हणजे इतरांवर राज्य करणारा बलदंड, ही समजूत यामुळेच चुकीची ठरते. मूल्यांसाठी बाहेरचा आधार न मागता ती घडवू शकेल आणि तरीही आयुष्यावर रुसणार नाही, असा माणूस त्याला अभिप्रेत आहे.

एक आक्षेप मात्र टाळता येत नाही. माझ्या दुःखाला मी होकार देईन. पण युद्धात चिरडलेल्या, उपाशी मेलेल्या दुसऱ्याच्या दुःखाचे काय? तेही अनंत वेळा परत येवो, असे म्हणणे क्रूरपणाचे नाही का? पिशाच्चाचा प्रश्न प्रत्येकाला एकटे गाठून विचारलेला आहे, हे इथे लक्षात ठेवावे. सुस्थितीतल्याने पीडिताला नियतिप्रेमाचा उपदेश करणे म्हणजे त्या विचाराची विटंबना आहे. तरी आक्षेपाची धार उरतेच. नीत्शेला समतेचा, लोकशाहीचा तिटकारा होता, स्त्रियांविषयी त्याने हलके लिहिले आणि करुणेवर त्याने सतत संशय घेतला. त्याचे हे पान मी स्वीकारू शकत नाही.

मात्र जे पाप त्याच्या माथी मारले गेले, ते त्याचे नव्हते. जानेवारी 1889 मध्ये तुरिनच्या रस्त्यात तो कोसळला आणि 25 ऑगस्ट 1900 ला वायमारमध्ये मृत्यू येईपर्यंत भानावर आला नाही. त्याची कागदपत्रे बहीण एलिझाबेथच्या ताब्यात गेली. ती एका कट्टर ज्यूद्वेष्ट्याची पत्नी होती आणि या लग्नामुळे नीत्शे तिच्यापासून दुरावला होता. त्याच्या विखुरलेल्या टिपणांतून निवड करून 1901 मध्ये आणि मग वाढवून 1906 मध्ये 'सत्ताकांक्षा' नावाचे पुस्तक तयार झाले आणि पुढे नाझींनी त्याला आपला ठरवले. ज्यूद्वेष आणि जर्मन राष्ट्राभिमान यांची त्याने स्वतःच्या पुस्तकांत किती निर्भर्त्सना केली आहे, हे पुढे कॉली आणि मोंतिनारी या दोन इटालियन संशोधकांनी 1967 पासून काढलेल्या चिकित्सक आवृत्तीमुळे नीट तपासता येऊ लागले.

अर्थ गमावल्याची भावना आज नवी राहिलेली नाही. ती आली की दोन वाटा तयारच असतात: जुन्या निश्चितीकडे डोळे मिटून परत जायचे, किंवा छोट्या सुखांत प्रश्न बुडवून टाकायचा. दोन्ही वाटा नीत्शेने पाहिल्या आणि नाकारल्या. जगण्याला वरून दिलेला अर्थ नाही आणि जगणे निरर्थक आहे, ही दोन विधाने एक नाहीत, हे त्याने आपल्याला दिलेले सर्वांत मोलाचे ज्ञान. पहिले मान्य करूनही दुसरे नाकारता येते. ते नाकारण्याचे काम मात्र कोणत्याही तत्त्वज्ञाला, नीत्शेलासुद्धा, दुसऱ्यासाठी करता येत नाही. स्वतःच्याच आयुष्याला, त्यातले काहीही न वगळता, 'हो' म्हणण्याइतके बळ प्रत्येकाने आपल्या कामातून, आपल्या नात्यांतून कमवायचे असते.